तळटीप : विजय पाटील

विजय पाटील : नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडा अकादमीचे अध्यक्ष. वडील ज्ञानदेव यशवंतराव पाटील शिक्षणसम्राट म्हणून सर्वांना ठाऊक. ते त्याआधी काँग्रेसचे आमदार आणि पुढे त्रिपुरा व बिहारचे राज्यपाल होते, हे मात्र मागे पडते. राजकारण बंधू सतेज यांनी कोल्हापुरात सांभाळले, विजय यांनी नव्या मुंबईतला कारभार. २००८ मध्ये खुल्या झालेल्या त्यांच्या स्टेडियमवर त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला. २०१९ मध्ये ते मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले. मनोहर जोशी, शरद पवार, विलासराव देशमुख ज्या खुर्चीत बसले ती खुर्ची राजकारणाबाहेरची म्हणणे धाडसाचेच. नेरूळच्या त्यांच्या याच स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला.