परदेशी संशोधन निधी : अर्जाच्या वाटा, पात्रता आणि कायदेशीर अटी

भारतीय विद्यापीठांतील संशोधकांना आंतरराष्ट्रीय निधी मुख्यतः तीन वाटांनी मिळतो. पहिल्या वाटेने दोन देशांची सरकारे संयुक्त प्रकल्प मंजूर करतात आणि प्रत्येक सरकार आपल्या देशातील संशोधकाचा खर्च उचलते. दुसऱ्या वाटेने परदेशी संस्था थेट भारतीय विद्यापीठाच्या खात्यात अनुदान जमा करते. तिसरी वाट व्यक्तिगत आहे : अधिछात्रवृत्ती मिळवून संशोधक स्वतः परदेशी संस्थेत जातो. प्रस्ताव लिहिण्याची रीत तिन्हींत फारशी वेगळी नसली, तरी पात्रता, मंजुऱ्या आणि पैशाचा प्रवास पूर्णतः भिन्न असतो. त्यामुळे विषय ठरवण्याइतकेच वाट ठरवणेही महत्त्वाचे आहे.

नवोदित संशोधकासाठी पहिली वाट तुलनेने सुकर आहे. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभाग अनेक देशांबरोबर ठरावीक काळाने संयुक्त प्रस्ताव मागवतो. त्याखेरीज १९८७ मध्ये स्थापन झालेले इंडो-फ्रेंच केंद्र, २००० पासून कार्यरत असलेला भारत-अमेरिका विज्ञान व तंत्रज्ञान मंच आणि २०१० मध्ये सुरू झालेले भारत-जर्मनी विज्ञान व तंत्रज्ञान केंद्र यांच्या स्वतंत्र योजना आहेत. जर्मन केंद्राच्या ‘टू प्लस टू’ योजनेत दोन्ही देशांतून प्रत्येकी एक संशोधन संस्था आणि एक उद्योग असावा लागतो. अशा योजनांमध्ये भारतीय बाजूचा निधी रुपयांत आणि देशांतर्गत यंत्रणेमार्फत मिळत असल्याने परदेशी निधीविषयक कायद्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मात्र अनेक योजनांत दोन्ही देशांतील प्रमुख संशोधकांनी आपापल्या यंत्रणेकडे स्वतंत्र अर्ज करायचा असतो. एका बाजूचा अर्ज राहिला की दुसऱ्या बाजूचाही बाद होतो.

जैववैद्यकीय क्षेत्रासाठी केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स ही संस्था २००८ पासून कार्यरत आहे. तिचे मुख्यालय हैदराबाद येथे असून संशोधक भारतातच राहून तिच्या अधिछात्रवृत्तीवर काम करू शकतो.

युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ या २०२१ ते २०२७ या काळातील कार्यक्रमाची मूळ तरतूद सुमारे ९५.५ अब्ज युरो होती. हा आकडा पाहून अनेकांचा एक गैरसमज होतो. भारतीय विद्यापीठे या कार्यक्रमातील सामूहिक प्रकल्पांत सहभागी होऊ शकतात. परंतु ज्या देशांतील संस्थांना युरोपीय निधी आपोआप मिळतो, त्यांच्या यादीत भारत नाही. संबंधित योजनेत तशी खास तरतूद असल्यास किंवा भारतीय विभागाने सहवित्तपुरवठा जाहीर केला असल्यासच भारतीय भागीदाराचा खर्च भागतो. योजनेच्या तपशिलातील हा एक परिच्छेद न वाचता युरोपीय गटात सामील झालेल्या विद्यापीठाकडे काम येते, पैसा येत नाही.

व्यक्तीसाठी मात्र हीच दारे उघडी आहेत. युरोपीय संशोधन परिषदेच्या अनुदानासाठी राष्ट्रीयत्वाची अट नाही. यजमान संस्था युरोपीय संघातील किंवा संलग्न देशातील असणे पुरेसे आहे. मारी क्युरी अधिछात्रवृत्तीसाठी पीएच. डी. आवश्यक असून त्यानंतरचा संशोधनानुभव ८ वर्षांहून अधिक नसावा. तसेच अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत उमेदवाराने यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य केलेले चालत नाही. या अर्जात गुणवत्तेला ५० टक्के, परिणामाला ३० टक्के आणि अंमलबजावणीला २० टक्के भार असतो. भारतीय अर्जदार बहुतेक शक्ती पहिल्या भागावर खर्च करतात, हे समजण्यासारखे असले तरी उरलेले निम्मे गुण इतर दोन भागांत आहेत. ठरलेल्या किमान टक्केवारीपेक्षा कमी गुण मिळालेला प्रस्ताव त्याच यजमान संस्थेसह लगेच पुढच्या वर्षी सादर करता येत नाही; म्हणून घाईचा अर्ज महागात पडतो. मुदत ब्रसेल्सच्या घड्याळानुसार सायंकाळी ५ वाजता संपते. उन्हाळ्यात ती भारतातील रात्री साडेआठची वेळ असते, तर हिवाळ्यात रात्री साडेनऊची.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे अर्ज करण्यासाठी विद्यापीठाची अमेरिकी शासनाच्या पुरवठादार व अनुदान नोंदणी व्यवस्थेत आगाऊ नोंद असावी लागते. या प्रक्रियेला अनेक आठवडे लागतात. मे २०२५ मध्ये या संस्थेने अमेरिकी विद्यापीठांच्या अनुदानातून परदेशी भागीदारांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवून नवी रचना आणण्याचे जाहीर केले. त्यामुळे जुन्या प्रकल्पाचा नमुना समोर ठेवून अंदाजपत्रक बनवणे आता धोक्याचे आहे.

थेट परदेशी अनुदानाच्या बाबतीत निर्णायक ठरतो तो परदेशी योगदान (नियमन) कायदा, २०१०. अनुदान स्वीकारण्यासाठी संस्थेकडे या कायद्याखालील नोंदणी किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी असावी लागते. नोंदणी ५ वर्षांसाठी असते. कायद्याने स्थापन झालेल्या आणि ज्यांचे लेखापरीक्षण कॅगकडून अनिवार्यपणे होते अशा संस्थांना सूट आहे. परंतु प्रत्येक राज्य विद्यापीठाचे लेखापरीक्षण कॅगकडेच असते असे नाही. ‘आपले विद्यापीठ सरकारी आहे’ एवढ्यावर विसंबून न राहता कुलसचिव आणि वित्त व लेखा अधिकारी यांच्याकडून लेखी खात्री करून घेणे श्रेयस्कर. संयुक्त राष्ट्रे, जागतिक बँक आणि अधिसूचित आंतरराष्ट्रीय संस्था यांचा निधी मात्र परदेशी स्रोत मानला जात नाही.

२०२० च्या दुरुस्तीने तीन गोष्टी बदलल्या. परदेशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मात्र मुख्यत्वे संशोधन करणाऱ्या संस्थेत क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्या किंवा तिचे विश्लेषण करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन यात मोजले जात नाही. तिसरा बदल संशोधकांना सर्वाधिक जाचक ठरला आहे : मिळालेले योगदान दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई आहे. एक विद्यापीठ, दोन महाविद्यालये आणि एक स्वयंसेवी संस्था असा प्रकल्प असेल, तर विद्यापीठाने निधी घेऊन वाटून देणे शक्य नाही. प्रत्येक भारतीय भागीदाराला निधीदात्याकडून थेट पैसे मिळतील अशीच रचना अर्जाच्या टप्प्यावर करावी लागते. मंजुरीनंतर ती बदलणे अवघड जाते आणि परवानगी नसलेल्या भागीदाराचे काम तेथेच अडते.

विषयानुसार आणखी परवानग्या लागतात. आरोग्य संशोधनातील परदेशी सहकार्याचा प्रस्ताव आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातो. या समितीचे सचिवालय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत आहे. वनस्पती, प्राणी किंवा सूक्ष्मजीव यांचे नमुने परदेशी भागीदाराला मिळणार असतील, तर जैवविविधता कायदा, २००२ नुसार चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या संमतीचा प्रश्न येतो. या प्रक्रियांना लागणारा वेळ प्रकल्पाच्या वेळापत्रकात स्पष्टपणे धरलेला असावा. पहिल्याच महिन्यात नमुने गोळा करण्याचे आश्वासन देणारा प्रस्ताव जाणकार परीक्षकाला अवास्तव वाटतो.

नोंदणी किंवा पूर्वपरवानगीवर निधी घेणाऱ्या विद्यापीठाला त्याचा वार्षिक हिशेब ‘एफसी-४’ नमुन्यात आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांच्या आत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, गृह मंत्रालयाकडे ऑनलाइन सादर करावा लागतो. वर्षभरात काहीही रक्कम आली नसली, तरीही तो भरावा लागतो.