दख्खनचे दंगे, १८७५ : कारण कोणत्या पुराव्याने बळकट होते?

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. लवकरच हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. या उद्रेकाचे कारण काय?

२/ प्रचलित उत्तर कापसाचे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) भारतीय कापसाला भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्जे थकली.

३/ कथा सुबक आहे. परंतु जे आधी घडले ते कारण असतेच असे नाही. युद्धसमाप्ती आणि दंगे यांत १० वर्षांचे अंतर आहे. शिवाय कापसाचा मोठा मुलूख खानदेश. दंगे पेटले ते मुख्यतः ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू भागात. मंदीने कर्जपुरवठा आखडला असणे शक्य आहे. तेवढ्याने ते सिद्ध होत नाही.

४/ आता जमावाची कृती पाहा. काही ठिकाणी लूट झाली; तरी मुख्य मागणी कर्जखते व हिशेबाच्या वह्यांची होती. त्या मिळताच जाळल्या गेल्या. केवळ भुकेचा दंगा असता, तर कागदांचा एवढा ध्यास दिसला नसता. हा पुरावा इतर कारणांना सहज लागू पडत नाही, म्हणूनच तो वजनदार.

५/ पण कागदांवरच रोष का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत ३ वर्षांपुरतेच ग्राह्य ठरले. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. सावकार मात्र मुदत संपताच थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेत. येथे कारण आणि परिणाम यांना जोडणारा दुवा हाती लागतो.

६/ आणि शेतसारा? दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्याने सरकारी साऱ्याला दोषमुक्त करून सावकारांकडे बोट दाखवले. स्वतःच्या सोयीची साक्ष दुबळी असते. उलट, १८७४ मध्ये मुंबई सरकारनेच सारावाढीवर मर्यादा घातली होती. स्वतःच्या धोरणाविरुद्ध जाणारी ही कृती आयोगाच्या निष्कर्षापेक्षा अधिक बोलकी आहे.

७/ हा वाद केवळ अभ्यासकांचा नव्हता. कारण जसे ठरले, तसा उपाय झाला. १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने न्यायालयांना कर्जखतामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. कुणब्याला त्याचा आधार मिळाला. परंतु त्याच्या डोक्यावरील साऱ्याला त्या कायद्याने हात लावला नाही.