एकाच तटात जय आणि पराजय : वसईची एक दिवसाची सहल

विरारकडे जाणारी लोकल भाईंदर सोडून खाडीच्या पुलावर येते, तेव्हा डाव्या हाताला पाणी रुंदावत समुद्राकडे जाताना दिसते. या खाडीच्या मुखाशी, उत्तर काठावर, वसईचा किल्ला उभा आहे. रोज लाखो प्रवासी या पुलावरून ये-जा करतात. मात्र किल्ल्याकडे पावले वळविणारे थोडेच. आज मुंबईचे दूरचे उपनगर समजले जाणारे हे गाव एकेकाळी मुंबईवर हुकूमत गाजवीत होते, याचाही बहुतेकांना विसर पडला आहे.

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांच्या हवाली केला. त्यातच मुंबईची बेटेही होती. गव्हर्नर नुनो द कुन्या याच्या आज्ञेने १५३६ मध्ये येथे किल्ल्याचे बांधकाम झाले आणि पुढे त्याभोवती तटबंदीचे संपूर्ण शहर वसले. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील मुलखाचा कारभार येथूनच चाले. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, तेव्हा पोर्तुगीजांच्या लेखी ती वसईपुढे दुय्यमच होती.

दगडात उरलेले शहर

वसई हा डोंगरी किल्ला नव्हे. येथे चढण नाही, दमछाक नाही. तीन बाजूंना समुद्र व खाडी आणि एका बाजूला जमीन अशी त्याची रचना आहे. भुईदरवाजाने आत शिरावे आणि दर्यादरवाजापर्यंत चालत जावे, म्हणजे शहराचा आडवा छेद घेतल्यासारखे होते. भुईदरवाजाचा मार्ग सरळ नाही. शत्रूला आत शिरताच वळावे लागावे आणि तेवढ्यात त्याला टिपता यावे, अशी ती योजना आहे.

आत रस्त्याच्या दोन्ही अंगांना छप्पर हरपलेली चर्च, मठ आणि वाडे दिसतात. दर्यादरवाजाजवळचे सेंट जोसेफचे चर्च त्याच्या उंच मनोऱ्यामुळे दुरूनही ओळखू येते. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत, तिचे खांब आणि कोरीव कमान आजही पाहणाऱ्याला थांबवितात. फ्रान्सिस्कन पंथीयांच्या चर्चमध्ये जमिनीत बसविलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर नावे आणि मानचिन्हे कोरलेली आहेत; त्यांवरून चालण्याचे टाळावे. याच वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया या फ्रान्सिस्कन धर्मबंधूला १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत होय.

चिमाजी अप्पांचा वेढा

मराठी मनात वसईचे स्थान आहे ते चिमाजी अप्पांमुळे. थोरल्या बाजीरावांच्या या धाकट्या बंधूने १७३७ मध्ये साष्टी आणि वसई प्रांतांत मोहीम उघडली. फेब्रुवारी १७३९ पासून खुद्द वसईचा वेढा आवळला गेला. जमिनीच्या बाजूने तटाखाली सुरुंग खणून, ते उडवून खिंडारे पाडण्यात आली. मराठ्यांची फार मोठी प्राणहानी झाली. अखेर मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

शरणागतीच्या अटी उदार होत्या. पोर्तुगीजांना शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहिली. चर्चच्या काही घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील, भीमाशंकरची आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा या त्याच मोहिमेतल्या, असे परंपरा सांगते. विजय मिळाल्यास देवीचे मंदिर बांधीन, असा नवस अप्पांनी केला होता व त्यातूनच वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले, अशीही श्रद्धा आहे. किल्ल्यात आज चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. जवळच नागेश्वर महादेवाचे देऊळही आहे.

त्रेसष्ट वर्षांनंतर

सहलीला येणारे बहुतेक जण येथेच थांबतात. वसईची दुसरी हकीकत मात्र स्मारकात सांगितलेली नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसर येथे पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि समुद्रमार्गे वसईला पोचले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथेच त्यांनी इंग्रजांशी तह केला. किमान सहा हजार तैनाती पायदळ कायमचे ठेवून घेणे, त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून देणे आणि कंपनीच्या संमतीखेरीज इतर सत्तांशी व्यवहार न करणे, ही त्यातील कलमे होती. पुढच्याच वर्षी दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली.

चिमाजी अप्पांनी ज्या थोरल्या भावाच्या वतीने हा किल्ला घेतला, त्याच्याच नातवाने येथे राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले. दोहोंमध्ये अंतर अवघ्या त्रेसष्ट वर्षांचे. विजयाचा पुतळा उभारला जातो, पराभवाचा नाही. म्हणून दुसरी हकीकत पाहुण्याने स्वतःच सोबत आणावी लागते. ती ठाऊक असली म्हणजे हे भग्न अवशेष केवळ छायाचित्रांची पार्श्वभूमी राहत नाहीत.

तटाबाहेरची वसई

राज्ये गेली, माणसे राहिली. किल्ल्याला लागून असलेल्या कोळीवाड्यांत वलांडीवर बोंबील वाळत असतात. गावांतील कुपारी ख्रिस्ती समाज सामवेदी बोली बोलतो, तर चर्चमधील प्रार्थना मराठीतून होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. वसईच्या वाड्यांमधील केळी सुकवून केलेली सुकेळी ही इथली जुनी खासियत. मिळाली तर घरी जरूर न्यावी.

भिंतींवर कोरलेली नावे आणि कोपऱ्यांत साचलेला कचरा पाहून मन विषण्ण होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षण कागदोपत्री आहेच. पण चार शतके टिकलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर खिळा चालवू नये, एवढे भान पाहुण्यानेच ठेवायला हवे.

कसे जाल : पश्चिम रेल्वेने वसई रोड स्थानकावर उतरावे. पश्चिमेकडून वसई गाव व किल्ल्याकडे बस आणि रिक्षा मिळतात. किल्ला नीट पाहण्यास तीन-चार तास लागतात. पावसाळ्यात झाडी माजते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी आणि टोपी सोबत ठेवावी व दिवस मावळण्यापूर्वी बाहेर पडावे. वेळ उरल्यास जवळच्या नालासोपाऱ्याचा प्राचीन बौद्ध स्तूप पाहता येईल.