घसरत्या गाडीचें छायाचित्र

मोटारींच्या शर्यतींत घड्याळ हा शेवटचा पंच असतो. कोणाची गाडी डौलानें धांवली आणि कोणाची ओबडधोबड, हें तो विचारीत नाहीं. जो आधीं पोंचला तो जिंकला. परंतु जपानांत मोटारींचा असा एक खेळ वाढला कीं, ज्यांत घड्याळाला मानच नव्हता. त्याला ड्रिफ्टिंग म्हणतात. वळणावर गाडीचीं मागचीं चाकें मुद्दाम घसरूं द्यावयाचीं, गाडीचें तोंड वळणाच्या आंत, पुढचीं चाकें मात्र उलट दिशेला, अशा तिरक्या अवस्थेंत न थांबतां आणि न भिरभिरतां तें वळण पार करावयाचें. पावसाळ्यांत खंडाळ्याच्या घाटांत गाडीचें मागचें अंग क्षणभर निसटल्याचा अनुभव ज्यांना असेल, त्यांनीं त्या क्षणाची कल्पना करावी. तो क्षण टाळावयाचा नाहीं, लांबवावयाचा, हाच हा खेळ. गुण मिळत ते कोनाला, वेगाला आणि ऐटीला. जो खेळ डोळ्यांनीं पाहूनच ठरवावयाचा, त्याच्या इतिहासांतून छायाचित्रकाराला वगळतां येत नाहीं.

त्या छायाचित्रकाराची अडचण मात्र या खेळाहून पुष्कळ जुनी आहे. झाक आंरी लार्तीग नांवाच्या फ्रेंच तरुणानें शर्यतींतल्या एका गाडीचें छायाचित्र घेतलें. पुष्कळ वर्षें त्यावर १९१२ चा शेरा होता. पुढें संशोधकांनीं तें १९१३ च्या आमिएं येथील ग्रांप्रीचें ठरविलें. गाडीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे. मागचें चाक अंड्यासारखें लांबट होऊन पुढें झुकलें आहे. आणि कडेचे प्रेक्षक व खांब मागें कललेले आहेत. (हें चित्र आकाशवाणीवरून दाखवितां येत नाहीं, म्हणून इतकें वर्णन.) याचें कारण यांत्रिक होतें. त्या कॅमेऱ्यांत पडद्याची फट सरकत जाई व चित्राचा खालचा भाग आधीं, वरचा मागाहून उमटे. लार्तीग गाडीबरोबर कॅमेरा फिरवीत होता, पण त्याचा हात गाडीपेक्षां मंद पडला. म्हणून गाडी पुढें कलली आणि स्थिर माणसें मागें. त्यानें तें बिघडलेलें म्हणून बाजूस ठेवलें. पुढें १९६३ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें त्याच्या छायाचित्रांचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां लार्तीग एकोणसत्तर वर्षांचा झाला होता. आज वेगाचें चित्र म्हटलें कीं जाणकारांना तेंच आठवतें. चूक कोठें संपते आणि सत्य कोठें सुरू होतें, हा वाद तेथून मिटलेला नाहीं.

आतां जपानकडे वळूं. कुनिमित्सु ताकाहाशी हा मूळचा मोटारसायकलस्वार. १९६१ सालीं पश्चिम जर्मनींत जागतिक स्पर्धेची एक शर्यत जिंकणारा तो पहिला जपानी. पुढें मोटारींच्या शर्यतींत तो वळणें अशीच घसरत घेऊं लागला. त्याचें तें धांवणें पाहून केइची त्सुचिया हा तरुण भारला गेला व रात्रीं डोंगरी घाटांतून स्वतः सराव करूं लागला. १९८१ सालीं ‘ऑप्शन’ हें मासिक निघालें. दाइजिरो इनादा हे त्याचे प्राण. गाड्यांत फेरफार करणाऱ्या हौशी तरुणांचें तें मासिक. १९८७ सालीं उसुइ घाटांतील त्सुचियाच्या कसरतींची ‘प्लस्पी’ ही चित्रफीत निघाली आणि घाटावरची कुजबुज देशभर झाली.

मासिकाच्या पानाला मात्र चित्रफितीची सोय नाहीं. कागद हलत नाहीं. ताशीं ९० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. सेकंदाच्या हजाराव्या अंशांत ती अडीच सेंटिमीटरच सरकते. चाकाचे आरे स्पष्ट, धूर कापसासारखा गोठलेला, आणि वाचकाला वाटतें कीं गाडी रस्त्यांत आडवी उभी केली आहे. साठाव्या अंशांत ती ४० सेंटिमीटरांहून अधिक जाते. मग छायाचित्रकार तिच्याबरोबर कॅमेरा फिरवितो. मागचीं झाडें रेघा होतात आणि गाडी ठळक राहते. साध्या शर्यतींत हें साधतें. येथें मात्र गाडी पुढें जातां जातां स्वतःभोंवतीं वळतही असते. तिचें नाक आणि शेपूट एकाच गतीनें सरकत नाहीं. दोन्ही स्पष्ट ठेवूं म्हणणारा दोन्ही गमावतो. चालकाचें डोकें किंवा जवळचा दिवा स्पष्ट धरावा आणि शेपटाला धुरांत विरूं द्यावें, हीच त्यांतली तडजोड. फिल्मच्या काळांत छत्तीस चित्रांची गुंडाळी धुऊन येईपर्यंत काय हातीं लागलें तें कळतही नसे.

पानाची मांडणी करणाऱ्याचें काम मला कमी मोलाचें वाटत नाहीं. जोडपानावर गाडी पसरली तर मधली शिवण नेमकी चालकाच्या चेहऱ्यावर येतां कामा नये. गाडीच्या पुढें मोकळी जागा ठेवावी, कारण वाचकाची नजर तेथें धांवते. पण घसरती गाडी तोंड करते एकीकडे आणि जाते दुसरीकडे, मग पुढची जागा म्हणावी कोणती? नजर जाण्याच्या दिशेनें न्यावी, असें मी म्हणेन. उलटीं वळलेलीं पुढचीं चाकें कापून टाकणारा मांडणीकार तर अर्थच कापतो. तीं दिसलीं नाहींत तर तें निव्वळ अपघाताचें चित्र होतें.

अपघाताची गोष्ट नुसती उपमा नाहीं. घाटाचे रस्ते सार्वजनिक होते. समोरून येणाऱ्या निरपराध माणसाला या ऐटीची किंमत भरावी लागण्याचा संभव होता. चांगलें चित्र छापलें कीं दहा मुलांना तें स्वतः करून पाहावेंसें वाटणार, हें कोणत्याही संपादकाला कळण्यासारखें होतें. ‘ऑप्शन’नें खेळाला वाढविलें, हें खरें, पण तो बंदिस्त मैदानावर आणण्याची खटपटही त्याच मंडळींनीं केली. इनादा व त्सुचिया यांनीं एबिसू येथें २००० सालीं स्पर्धा भरविली; तिच्यांतून डी-वन ग्रांप्री ही मालिका उभी राहिली. त्या निर्णयाचें श्रेय मासिकाला द्यावें, असें मला वाटतें. पानावर जें आकर्षक करून दाखविलें, त्याचा भार त्यांनीं अंशतः तरी उचलला.

पुढें त्या मालिकेंत कोन व वेग मोजणारीं यंत्रें गाडींत बसूं लागलीं आणि पंचांच्या डोळ्यांचें कांहीं काम यंत्राकडे गेलें. छायाचित्रकाराचें काम मात्र सोपें झालें नाहीं, कारण आतां दोन गाड्या एकामागून एक घसरत येतात, मागची पुढचीच्या दारापाशीं, दोघींच्या धुराचा एक पडदा. आणि कठड्याबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला, दोघींपैकीं कोणती स्पष्ट धरावयाची, हें पडदा उघडण्यापूर्वींच ठरवावें लागतें.