बाणाचे पाते आणि त्याची परीक्षा

मराठी भाषेत 'भाता' हा शब्द दोन वस्तूंस लावितात. भट्टीस वारा घालतो तो भाता, आणि धनुर्धराच्या पाठीवर बाणांनी भरलेला असतो तोही भाता. ह्या दोहोंचे मूळ एक की निराळे, हे व्युत्पत्तिपंडितांनी पाहावे. परंतु दुसरा भाता भरावयाचा तर आधी पहिला चालावा लागे, हे ज्यांच्या घरी ऐरण होती त्या आपल्या ज्ञातिबांधवांस सांगावयास नको. धनुर्धरांची नावे पुराणेतिहासांत पानोपानी आढळतात. बाणाच्या टोकाचे लोखंड कोणी व कसे पारखले, इकडे मात्र सहसा कोणी वळत नाही.

बंदुकीची गोळी आघाताने मारते, बाण कापून मारतो. शिकारीच्या बाणाचे पाते बोथट असेल तर रक्तवाहिनी बाजूस सरते, आणि घायाळ जनावर रानात दूर जाऊन दिवसचे दिवस तडफडते. सबब धारेची पारख ही केवळ कारागिराची हौस नव्हती.

कौटिल्याने आयुधागाराच्या प्रकरणात बाणांची अग्रे छेदन, भेदन व ताडन ह्या तीन कामांसाठी लोखंड, हाड किंवा लाकूड ह्यांची करावीत असे सांगितले आहे. इ. स. १३६३ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'शार्ङ्गधरपद्धती'तील धनुर्वेदप्रकरण ह्याहून तपशिलाचे आहे. आरामुख, क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत अशी पात्यांची नावे त्यात येतात व प्रत्येकाचे काम निराळे सांगितले आहे. पात्यास पाणी देण्याची कृतीही आहे. पिंपळी, सैंधव व कोष्ठ गोमूत्रात वाटून त्याचा लेप द्यावा, पाते अग्नीत तापवावे, आणि त्यावर मोराच्या मानेचा रंग आला म्हणजे स्वच्छ पाण्यात बुडवावे. लेपाच्या गुणाविषयी मी आग्रह धरणार नाही. पण मोराच्या मानेचा रंग! घासून चकचकीत केलेले पोलाद तापू लागले की आधी पिवळसर, मग जांभळे, मग निळे होते, आणि निळ्याच्या टप्प्यावर त्याचा ठिसूळपणा पुष्कळसा उतरतो, हे भट्टीपुढे बसलेल्या कोणासही ठाऊक असते. हा रंग ग्रंथकाराने कोणा कारागिराच्या तोंडूनच ऐकला असावा, असे मला वाटते.

धारेची परीक्षा ह्याहून साधी. माझे आजोबा विळ्याची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहत. पाते घसरले तर पुन्हा सहाणेवर, चिकटून राहिले तर पसंत.

नेमाची परीक्षा मात्र अवघड. रुंद पाते म्हणजे बाणाच्या पुढल्या टोकास लाविलेले पंखच. वारा त्यांनाही धरतो. मागची पिसे बाण सरळ ठेवू पाहतात, पुढचे पाते त्यास वळवू पाहते. पाते कांडीच्या रेषेत किंचितही तिरपे बसले असेल तर दूरच्या लक्ष्यावर तो तिरपेपणा हातभर होतो. म्हणून बाण बोटांच्या नखांवर फिरवून टोक डगमगते का हे आधी पाहतात, आणि मग एकाच अंतरावरून एकाच हाताने अनेक बाण सोडून ते कोठे लागतात हे पाहतात. शार्ङ्गधराने प्रत्येक बाणास सहा अंगुळांची चार पिसे सांगितली आहेत. पुढे जाड तो बाण स्त्री, तो दूर जातो. मागे जाड तो पुरुष, तो कठीण वस्तू भेदतो. सारखा तो नपुंसक, आणि लक्ष्य साधण्यास हाच उत्तम. लक्ष्याचे अंतर साठ धनुष्ये म्हणजे २४० हात असेल तर ते श्रेष्ठ, चाळीस मध्यम व वीस कनिष्ठ.

ह्या विद्येची नव्या रीतीने तपासणी अमेरिकेत झाली, तिची हकीकत चटका लावणारी आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीचा एक मनुष्य उपाशी व एकटा सापडला. त्याची सारी जमात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत व त्यापाठच्या हालअपेष्टांत नाहीशी झाली होती. स्वतःचे नाव त्याने सांगितले नाही. त्याच्या भाषेत माणूस ह्या अर्थाचा 'इशी' हा शब्द त्याला चिकटला. विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला, आणि तेथील शल्यवैद्य सॅक्सटन पोप त्याच्यापाशी धनुष्यबाण शिकला. १९१६ साली इशी क्षयाने वारला. पुढे पोपने हरणाचे कातडे लावलेल्या व गाईच्या काळजाने भरलेल्या खोक्यावर दोन्ही प्रकारचे बाण सोडून पाहिले, तेव्हा ज्वालामुखीच्या काचेची पाती पोलादी पात्यांपेक्षा अधिक खोल गेली. चिलखताचा प्रसंग तर गमतीचाच. संग्रहालयाच्या एका नोकराचा जुन्या दमास्कसी जाळीच्या चिलखतावर इतका विश्वास, की तो स्वतः ते अंगात घालून उभा राहण्यास तयार झाला! पोपने ते आधी लाकडी खोक्यावर चढविले हे नोकराचे भाग्य; पोलादी टोकाचा बाण सात यार्डांवरून ते भेदून गेला.

पोप शेजारी होता म्हणून एका नामशेष जमातीची धनुर्विद्या कागदावर उतरली. आपल्याकडील पाते घडविणाऱ्या हातांविषयी असे कोणी टिपून ठेविलेले माझ्या पाहण्यात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली हे योग्यच झाले; पण त्यामुळे जुनी पाती अडगळीत पडून मोडीत जात आहेत. ज्या घरी असे एखादे पाते, साचा किंवा जुनी कानस उरली असेल, त्यांनी तिची आकृती कागदावर उतरवून, आणि वडीलधाऱ्यांस पाणी देण्याची रीत आठवत असल्यास तीही लिहून, मंडळाच्या चिटणीसांकडे द्यावी. पाते मात्र घासून चकचकीत करू नये. गंजाखालच्या घणाच्या खुणा पाहावयाच्या आहेत.