एकहाती चिमटा

जालन्यातल्या गॅरेजात ‘स्विंगआर्म’ म्हटलं तर मिस्त्री क्षणभर थांबतो. ‘चिमटा’ म्हटलं की कामाला लागतो. मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा आणि पुढे एका बोल्टवर वरखाली झुलणारा बेचक्यासारखा सांगाडा म्हणजे चिमटा. त्याचे बुश झिजले की गाडी मागून डोलायला लागते, हे रोज कॅन बांधून येणाऱ्या दूधवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पण मोटरसायकलच्या इतिहासात ज्या चिमट्यावरून सर्वांत जास्त वाद झाले, त्याला एकच पाय आहे. इटलीच्या डुकाटी कंपनीने १९९४ साली ९१६ ही गाडी आणली. इंजिन व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी मांडलेली दोन सिलिंडरं. मागचं चाक मात्र एकाच बाजूने धरलेलं. सायलेन्सर सीटखाली नेलेले, त्यामुळे दुसऱ्या बाजूने ते चाक नुसतं हवेत तरंगल्यासारखं दिसायचं. मासिमो तांबुरिनी या डिझायनरचं हे काम. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने मोटरसायकलींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ९१६ होती.

एकहाती चिमट्याचा जन्म मात्र शोभेसाठी झालेला नाही. चोवीस-चोवीस तास चालणाऱ्या शर्यतींत टायर पुनःपुन्हा बदलावे लागतात. चाक एकाच बाजूने बसवलेलं असेल तर चेनला हात न लावता ते काढता येतं. एल्फ या फ्रेंच तेल कंपनीच्या प्रायोगिक रेस-गाड्यांवरून होंडाने ही कल्पना घेतली आणि १९८७ च्या व्हीएफआर ७५० आरमध्ये वापरली. डुकाटीची पाळी त्यानंतरची.

इथे मला हसू येतं, कारण हाच प्रकार आपल्याकडे केव्हाचा अंगणात उभा होता. बजाज चेतक आठवा. तिचं मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं असे; किंबहुना इंजिन आणि गिअरबॉक्सचा अख्खा डबाच चिमट्याचं काम करत चाकासोबत झुलायचा. पुढचं चाकही एकाच बाजूला. हे मूळ डोकं कोर्रादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याचं. १९४६ च्या व्हेस्पासाठी त्याने विमानाच्या चाकांची पद्धत खाली रस्त्यावर आणली. पुढे पियाज्जिओशी करार करून बजाजने आकुर्डीत व्हेस्पा बनवल्या आणि करार संपल्यावर १९७२ मध्ये स्वतःच्या नावाची चेतक काढली. १९८५ साली वाळूजला, म्हणजे जालन्याहून दीड-दोन तासांवर, बजाजचा दुसरा कारखाना सुरू झाला. रस्त्यात पंक्चर झालं की स्कूटर कलती करायची, नट सोडायचे, स्टेपनी चढवायची आणि निघायचं. मुलांना शाळेत सोडायला निघालेला माणूस हे बाजूला उभं राहून करत असे; हात काळे होत, पण शाळा चुकत नसे. या चिमट्याला सुंदर म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

डुकाटीवर परत. २००३ मध्ये ९१६ च्या घराण्यात ९९९ आली, तीही दोन पायांच्या चिमट्यावर. तिने वर्ल्ड सुपरबाइकची अजिंक्यपदं मिळवली, तरी चाहत्यांनी तिला रूपावरून नाकं मुरडली. २००७ च्या १०९८ वर एकहाती चिमटा परत आला. पुढे पनिगाले मालिकेत तर चिमटा ही थेट प्रतिष्ठेची पायरी झाली: मोठ्या ११९९ ला एकहाती, धाकट्या ८९९ आणि ९५९ ला साधा दुहाती. साहजिकच धाकटीचे मालक मोठीचा चिमटा मिळवून आपल्या गाडीला बसवू लागले. चिमटा, हब, चाक, सगळं बदलायचं, आणि याला म्हणायचं अपग्रेड. (आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर दुचाकींना मनाई आहे. अशी गाडी इथे कुणी घेतलीच, तर तिला खऱ्या वेगाचा रस्ता कुठला, हा प्रश्न अपग्रेडच्या आधीचा.)

यात यंत्रशास्त्राची बाजू अशी. एका पायावर सगळा भार म्हणजे तो पाय जाड आणि ताठ हवा. सरळ रस्त्यावर ताठपणा चांगला. पण वळणावर गाडी खूप कलते, तेव्हा रस्त्याचे धक्के शॉकअपच्या रेषेत येतच नाहीत. ते चिमट्यालाच आडवं थोडं लवून पचवावे लागतात. तो फारच ताठ असेल तर टायर रस्त्यावरून उड्या मारतो. जालन्यात हे पटवून द्यायला अवघड जाऊ नये. इथल्या मिलमध्ये टीएमटी सळई बनते, तीत वरचा थर कडक आणि गाभा मऊ मुद्दामच ठेवतात. नुसती कडक सळई भूकंपात काय कामाची, हे १९९३ नंतर मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

डुकाटीच्या मोटोजीपीच्या गाड्या दुहाती चिमट्यावरच धावत होत्या. अखेर २०२४ मध्ये कंपनीने रस्त्यावरच्या पनिगाले व्ही४ लाही दुहाती, आतून पोकळ चिमटा दिला. आडवा ताठपणा आधीपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी, हे कंपनीनेच मिरवून सांगितलं. त्याच वर्षाअखेरीस दोन सिलिंडरांची नवी व्ही२ आली, तीही दुहाती. ज्यांनी ९५९ चा दुहाती चिमटा उतरवून एकहाती चढवला, त्यांची गाडी आता कंपनीच्या उलट दिशेने अपग्रेड झालेली आहे. माझं मत विचाराल तर तरीही ९१६ सर्वांत देखणी. फक्त त्या देखणेपणाला वेगाचं कारण चिकटवू नये.

आणि २०२० मध्ये बजाजने चेतक हे नाव विजेच्या स्कूटरला दिलं. तिची दोन्ही चाकं पुन्हा एकाच बाजूने धरलेली आहेत. स्टेपनी मात्र नाही.