रेशनचा गहू, महाग नागली आणि गरिबाचं ताट

"डॉक्टर, नागली खा म्हणता. पण रेशनचा गहू-तांदूळ फुकट मिळतो, नागलीला पैसे कुठून आणू?" सातपूरच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका बाईंचा हा प्रश्न. हिमोग्लोबिन आठ, घरात पाच माणसं. प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ या.

नाशिक जिल्ह्यात गरिबाचं जेवण म्हणजे भाकरी. मालेगाव, येवला, सिन्नरकडे बाजरीची, तर पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरात नागलीची. सोबत हुलगे, रानातली पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. गव्हाची पोळी सणावारी. हे चित्र फार गोड मानू नका. उन्हाळ्यात पोटभर मिळेलच याची खात्री नसे. पण धान्य कसदार होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते पाहा: १०० ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात १० सुद्धा नाही. बाजरीत लोह सहा मिलिग्रॅमच्या वर, त्या तांदळात एकापेक्षा कमी.

मग १९७२चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांना विचारा, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी त्यांना अजून आठवते. त्या कामांनी आणि रेशनने असंख्य जीव वाचवले, हे विसरून चालणार नाही.

पुढच्या काळात सरकारी खरेदी प्रामुख्याने गहू आणि तांदळाची झाली, त्यामुळे रेशनवरही तेच आलं. डाळी मागे पडल्या. देशात माणशी रोज १९६१ मध्ये ६९ ग्रॅम डाळी-कडधान्यं उपलब्ध होती, २००१ मध्ये फक्त ३०. म्हणजे पोट भरलं, पण ताटातला डाळींचा वाटा निम्म्याहून खाली आला. माझ्या मते खरा तोटा इथे झाला, भाकरीची पोळी होण्यात तेवढा नाही.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो ठरलं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झालं, माणशी महिन्याला पाच किलो. गंमत म्हणजे तेच वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि गरिबाची नागली मॉलमध्ये बिस्किटांच्या चकचकीत पाकिटात जाऊन बसली.

म्हणून त्या बाईंना मी सांगितलं, फुकटचा गहू सोडू नका. फक्त पीठ चाळून कोंडा फेकू नका. दळणात चार किलो गव्हाला एक किलो नागली किंवा बाजरी घाला, जे स्वस्त असेल ते. धान्यावर वाचलेले पैसे हरभरा, मटकी, हुलगे, शेंगदाणे यांवर घाला. कडधान्यं भिजवून मोड आणा, त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवताना लिंबू पिळा. चहा जेवणानंतर तासाभराने. पालेभाजी बाजार उठताना घ्या, तेव्हा जुड्या स्वस्त मिळतात. अंडी चालत असतील तर आठवड्यातून दोन-तीनदा मुलांना द्या, आणि स्वतःही खा. (हे शेवटचं आयांना दोनदा सांगावं लागतं.)

आणि एक गोष्ट स्पष्ट करतो. आठ हिमोग्लोबिन नुसत्या आहाराने भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या लागतात, त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. शिवाय रक्त कुठे जातंय ते शोधावं लागतं: पाळीत जास्त जातं का, मूळव्याध आहे का, पोटात जंत आहेत का. या बाईंची पाळी आठ-आठ दिवस चालायची आणि आजवर त्यांना ते कुणी विचारलंच नव्हतं. त्यावरही उपचार सुरू केले.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहा आलं. नागली अजूनही महिन्याला एकच किलो येते, म्हणाल्या. हुलगे मात्र दोन किलो.